पाय बाहेर होता

नवऱ्याने दोन्ही हात आडवे फिरवले तेव्हा मी लॅपटॉप समोर ठेवून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. शनिवारची दुपार होती, बाहेर अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावचा नेहमीचा बारीक पाऊस चालू होता आणि लॅपटॉपचा आवाज मी बंद ठेवला होता. त्याचे सामने मी असेच बघायचे. पंचांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सात शर्टांतला त्याचा शर्ट शोधायचा, तो धडपणे दोन पायांवर उभा आहे एवढं बघायचं आणि परत कपड्यांकडे वळायचं. हातात धरून पळायचा तो इथला फुटबॉल मला कधी फारसा कळला नाही.

पण हा शेवटचा क्षण आहे एवढं कळत होतं, कारण घड्याळ शून्यावर आलं होतं आणि चेंडू अजून हवेत होता. तो मैदानाच्या अगदी कोपऱ्यात उतरला. एक पोरगा उडाला, त्याने चेंडू छातीशी धरला, खाली आला आणि रेघेपलीकडे घसरत गेला. प्रेक्षकांतले सगळे लोक हात वर करून उभे राहिले. नवरा तिथेच, त्या पोराच्या अगदी जवळ होता. त्याने हात वर केले नाहीत. आडवे फिरवले, एकदा आणि मग परत एकदा. म्हणजे झेल धरला जाणार नाही, गुण नाहीत, सामना संपला. ज्यांचं मैदान होतं तेच हरले होते.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"बघितलंस?"

"बघितलं. बरा आहेस ना?"

"हो. पोलीस गाडीपर्यंत सोडतायत आम्हाला. काळजी करू नकोस."

"बरोबर होता ना कॉल?"

"पाय बाहेर होता," तो म्हणाला. "रेघेवर पडला. मी बघितला."

त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. ऑफिसातून निघालो असं सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

तो मूळचा नागपूरचा. इंजिनिअरिंगला असताना कबड्डी खेळायचा, गुडघा गेल्यावर कॉलेजच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहू लागला. अमेरिकेत आलो तेव्हा आधी वर्क व्हिसा होता आणि त्यावर नोकरीखेरीज दुसरं काही काम करता येत नाही, म्हणून ग्रीन कार्ड येईपर्यंत तो नुसते टीव्हीवर सामने बघत राहिला आणि इथल्या फुटबॉलचं रूलबुक वाचत राहिला. कार्ड आलं त्याच वर्षी तो हायस्कूलच्या पंचांच्या संघटनेत जाऊन बसला. सुरुवातीला लोक विचारायचे, तू क्रिकेटवाला ना? मग विचारेनासे झाले. हळूहळू त्याला छोट्या कॉलेजांचे सामने मिळायला लागले. सोमवार ते शुक्रवार तो डेटाबेस सांभाळणारा एक गप्प माणूस असायचा. शुक्रवारी संध्याकाळी बुटांना पॉलिश करायला बसला की वेगळा दिसायचा, शीळ घालायचा. मुलीला समजावून सांगायचा, "कबड्डीत बोनस द्यायचा तर मागचा पाय हवेत आहे का ते बघावं लागतं. सगळे लोक हात बघतात, तोंड बघतात. पंचाने पाय बघायचा असतो."

त्या दिवशीचा नियमही पायाचाच होता. चेंडू नीट हातात आल्यावर एक पाय मैदानाच्या आत टेकला की झेल झाला. पण रेघ बाहेरची धरतात. बुटाचं टोक पांढऱ्या रंगाला लागलं तर नाही. मोठ्या विद्यापीठांच्या सामन्यात असं काही झालं की वरच्या खोलीत बसलेले लोक चारी बाजूंचे व्हिडिओ बघून सांगतात. हे डोंगरापलीकडचं, गव्हाच्या शेतांमधलं एक लहान कॉलेज होतं. तिथे तसली खोली नव्हती. मैदानाच्या मध्याला उंचावर एक कॅमेरा होता, त्यातून कोपऱ्यातला पाय दिसणं शक्य नव्हतं. ते कॉलेज आजवर कधी देशाच्या बाद फेरीत गेलं नव्हतं. तो झेल धरला असता तर गेलं असतं.

नवरा आणि त्याचे साथीदार खिंड ओलांडून घरी पोचायच्या आत एक व्हिडिओ सगळीकडे गेला होता. कोपऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या कुणा विद्यार्थ्याने तो फोनवर घेतला होता. त्यात पाय हिरव्यावर पडल्यासारखा दिसतो. दिसतो म्हणते, कारण तो पुढून घेतला आहे आणि रेघ त्या पोराच्या दुसऱ्या पायामागे लपली आहे. पण ते कळायला शांतपणे बघावं लागतं. शेवटी व्हिडिओ माझ्या नवऱ्याच्या तोंडावर जाऊन थांबतो, आणि ते तोंड मोठं मोठं होत जातं.

सामन्याच्या पत्रकात पंचांची नावं छापलेली असतात. रविवारी सकाळी त्याचा फोन वाजायला लागला तो थांबेना. काही जण नुसतंच ओरडून ठेवून द्यायचे. काही जण फार सावकाश बोलायचे, त्यांची भीती जास्त वाटायची. परत जा, क्रिकेट खेळ, हे तर होतंच. दुपारपर्यंत घराचा पत्ता कुणीतरी टाकला. मग न मागवलेले पिझ्झा येऊ लागले. दारात उभ्या त्या थकलेल्या मुलीला मी सांगायचे की आम्ही मागवला नाही, ती म्हणायची, हो, माहितीय, आज तुमच्याकडे पाचव्यांदा येतेय. आमच्या आडनावाशी मिळतंजुळतं नाव असलेलं एक इंडियन रेस्टॉरंट दुसऱ्याच गावात होतं, लोकांनी ते आमचंच समजून त्याला ऑनलाइन एक-एक स्टार देऊन ठेवला. नागपूरला चुलत दिराने फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला, दादा व्हायरल, म्हणून. काय चाललंय ते त्याला ठाऊकच नव्हतं. सासूबाईंनी लगेच व्हिडिओ कॉल केला.

"टीव्हीवर आलास म्हणे," त्या म्हणाल्या.

"हो आई."

"तोंड उतरलंय का रे तुझं?"

"थंडी आहे इथे," तो म्हणाला.

सोमवारी त्याच्या मॅनेजरला, मॅनेजरच्या मॅनेजरला आणि कंपनीच्या मोठ्या साहेबांना ईमेल गेले होते. त्यांनी त्याला काही दिवस घरूनच काम करायला सांगितलं, तुझ्याच सुरक्षिततेसाठी म्हणून. त्याच दिवशी आमच्या घरासमोर त्या संघाच्या रंगाचा झेंडा लावलेला एक पिकअप ट्रक येऊन उभा राहिला. आत एक माणूस कॉफी पीत बसला होता. मी पोलिसांना बोलावलं. आलेला पोलीस तसा सभ्य होता.

"तो काही बोलला का तुम्हाला?"

"नाही."

"रस्ता सार्वजनिक आहे. तो बसू शकतो."

"तो आमच्याकडे बघत बसलाय."

"मला कळतंय," पोलीस म्हणाला. "पण बघण्यावर मी काही करू शकत नाही."

मुलगी तेव्हा अकरावीत होती. शाळेतून आली आणि दप्तर न काढता जिन्यावर बसली. "मॉम, एव्हरीबडी हॅज दॅट व्हिडिओ," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखायला लागलं, तिसऱ्या दिवशीही दुखलं, मग मी विचारायचं सोडलं.

कॉलेजांच्या त्या गटाचे सामने ज्याच्या हाताखाली चालायचे त्या पंचप्रमुखाचा फोन त्या आठवड्यात आला. तो स्वतः जुना पंच, नवऱ्याला हायस्कूलमधून वर आणणारा तोच. नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकला, मीही ऐकावं म्हणून.

"आम्ही सगळे बसून बघितलं," तो म्हणाला. "जो व्हिडिओ आहे त्यावरून तुझा कॉल टिकत नाही."

"मी उभा होतो तिथून घेतलेला व्हिडिओ आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग जे आहे त्यावरच मला बोलावं लागेल. माझी अडचण तुला माहीत आहे."

संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की त्या निर्णयाला उपलब्ध चित्रणाचा आधार नाही, संबंधित पंचाला उरलेल्या हंगामात सामने दिले जाणार नाहीत, निकाल मात्र बदलणार नाही. मला वाटलं होतं आता तरी लोक शांत होतील. झालं उलटं. आधी ते चिडून फोन करायचे, आता हक्काने करू लागले.

त्या रात्री जेवताना मी त्याला म्हणाले, "तू लिही ना दोन ओळी. चूक झाली, माफ करा, संपलं."

"झाली नाही चूक."

"नसू दे. लिहायला तुझं काय जातं?"

"मला जे दिसलं ते मी सांगितलं. आता लोक ओरडतायत म्हणून दिसलं नव्हतं म्हणू?"

"म्हण. पोरगी शाळेत जाईना झालीय."

त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. मला वाटलं आता हो म्हणेल, आणि मला ते हवं होतं, त्याने खोटं बोलावं हे मला अगदी मनापासून हवं होतं. तो म्हणाला, "मी एकदा तसं म्हटलं तर आजवरच्या सगळ्या शनिवारांचं काय?" मी म्हणाले, "शनिवार गेले खड्ड्यात." मुलगी वरच्या खोलीतून ऐकत होती. तिचं दार बंद झाल्याचा आवाज आला, जोरात नाही, अगदी हळू, आणि मला तेच जास्त लागलं.

त्यानंतर तो स्वतःच डळमळायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डोळे उत्तम आहेत, असं तिने सांगितलं. त्याला बरं वाटायला हवं होतं, पण तो अजूनच खचला. डोळ्यांत दोष निघाला असता तर निदान काहीतरी कारण सापडलं असतं. बाथरूममध्ये जायचा आणि दाराआडून त्या व्हिडिओतल्या गर्दीचा आवाज यायचा, थांबायचा, परत सुरू व्हायचा. मी दार वाजवलं की म्हणायचा, येतो. यायचा नाही.

मग एका दुपारी मी माझ्या लॅबमधल्या नोकरीवरून लवकर घरी आले तर ड्राइव्हवेवर त्याने पांढरी चिकटपट्टी लावून दोन रेघा आखल्या होत्या, कोपरा करून. मुलगी हातात त्याचा जुना चेंडू घेऊन उभी होती. तिने उडी मारायची, रेघेजवळ एक पाय टेकायचा आणि पलीकडे जायचं. तो सामन्यात जसा उभा होता तसा, तेवढ्याच अंतरावर, गुडघ्यात वाकून उभा होता. आत की बाहेर ते त्याने सांगायचं आणि मग तिने खरं काय ते सांगायचं.

"आत," तो म्हणाला.

"हो, आत."

"बाहेर. टोक लागलं."

"हो."

मी गाडीतच बसून बघत राहिले. तो एकदाही चुकला नाही. मला वाटलं आता थांबेल, आता त्याची खात्री पटेल. पण तो म्हणाला, परत. आणि परत. मग त्याला उत्तर द्यायला वेळ लागू लागला. "अजून एकदा कर. त्या पोरासारखं कर, तिरकं ये." ती तिरकी आली. पावसाने चिकटपट्टी ओली होऊन एका बाजूने सुटली होती, तिचा पाय पडला तेव्हा पट्टीच सरकली. "काय होतं?" त्याने विचारलं. ती खाली बघत राहिली. "काय होतं? सांग ना."

"बाबा, आय डोन्ट नो," ती म्हणाली, आणि मग मराठीत, जी ती एरवी आमच्याशी बोलत नाही, "मला पण नाही कळत आता. नको ना करूया."

ती तिथेच ओल्या काँक्रीटवर बसली. मी तिला उठवून आत नेलं, तिचे मोजे काढले, तिचे पाय टॉवेलने पुसले. खिडकीतून बघितलं तर तो वाकून चिकटपट्टी परत सरळ लावत होता.

त्या संध्याकाळी तो गॅरेजमध्ये गेला आणि बराच वेळ आला नाही. मी जाऊन बघितलं तर तो गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता, दिवा न लावता. कुठे निघालास, विचारलं, तर म्हणाला, कुठे नाही. मी त्याला आत घेऊन आले. त्याच्या गाडीच्या किल्ल्या तूरडाळीच्या डब्यात खाली घालून ठेवल्या. का घातल्या ते मी मनातल्या मनातही नीट उच्चारलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरची वेळ घेतली, ती पुढच्या आठवड्यातली मिळाली. एवढे दिवस कसे काढायचे ते मला कळत नव्हतं. सगळ्या व्हिडिओंच्या खाली एकच वाक्य होतं, हरलेल्या संघाच्या कोचने सामन्यानंतर माइकसमोर म्हटलेलं: त्या माणसाने हे आमच्या पोरांकडून हिरावून घेतलं. मला वाटलं, ज्याने हे म्हटलं त्यालाच जाऊन भेटावं.

माझ्या मैत्रिणीचा नवरा, ज्याला मुलगी काका म्हणते, त्याला मी घरी येऊन नवऱ्यासोबत बसायला सांगितलं. त्याने काही विचारलं नाही, लॅपटॉप घेऊन सकाळीच आला. मी कोचच्या ऑफिसात फोन वगैरे केला नव्हता, कारण नाही म्हणाले असते तर जाता आलं नसतं. खिंडीत बर्फ पडत होता, ट्रकवाले बाजूला थांबून टायरना साखळ्या बांधत होते. मी हिवाळ्यात ती खिंड कधी एकटीने ओलांडली नव्हती. पलीकडे उतरल्यावर झाडं संपली आणि कापणी झालेल्या गव्हाच्या टेकड्या लागल्या, मैलोन्मैल. गावात शिरताना पुलाच्या कठड्याला एक चादर बांधलेली होती, तिच्यावर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं की पाय आत होता. पेट्रोल भरताना मी डोक्यावर टोपी ओढून घेतली. तिथे मला ओळखणारं कोण असणार, पण ओढली.

कोचचं ऑफिस जिमच्या मागच्या बाजूला होतं. दार उघडं होतं. साठी ओलांडलेला, कंबरेत लचकत चालणारा एक धिप्पाड माणूस भिंतीवरचे फोटो काढून खोक्यात भरत होता.

"मी त्या पंचाची बायको," मी म्हणाले.

त्याने खुर्चीवरचं खोकं उचलून खाली ठेवलं. "बसा."

मी बसले. त्याने विचारलं, "एवढ्या लांबून मला बोल लावायला आलात?"

"नाही. लोकांना थांबायला सांगा, एवढं मागायला आलेय."

"माझं कोण ऐकणार?" तो म्हणाला. "मला काल काढून टाकलं."

मी ज्या माणसाशी भांडण्याची तयारी करत आले होते तो हा नव्हता. मी नुसतं सांगत गेले. फोन, पिझ्झा, ट्रक, मुलगी, ड्राइव्हवेवरची चिकटपट्टी. शेवटी किल्ल्यांचंही सांगितलं, जे मी मैत्रिणीलाही सांगितलं नव्हतं. तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला, पाठ करून.

"त्याला खरंच दिसलं का?"

"तो म्हणतो दिसलं."

"मी मैदानाच्या मध्याशी होतो," कोच म्हणाला. "मला काहीही दिसलं नाही. माझ्या पोरांचे हात वर गेले म्हणून माझे गेले."

"मग तुम्ही हिरावून घेतलं असं का म्हणालात?"

"पोरं माझ्या मागे रडत होती आणि कुणीतरी तोंडासमोर माइक धरला." तो खिडकीकडून वळला. "आणि मला माहीत होतं की माझी नोकरी त्याच सामन्यावर आहे."

मी विचारलं, "आणि तो मुलगा? ज्याने झेल घेतला?"

"त्याला मी विचारलं. चार भिंतींत, दोघंच असताना. तो म्हणाला, कोच, मी चेंडूकडे बघत होतो."

बाहेर कुणीतरी बास्केटबॉल आपटत होतं. त्याने खिशातून फोन काढला, माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "तुम्ही धरा. मला तो स्वतःकडे धरून व्हिडिओत बोलायला जमत नाही." मी फोन धरला.

तो बोलला ते फार थोडं होतं. मी मैदानाच्या मध्याशी होतो, मला पाय दिसला नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनाही दिसला नाही. त्या माणसाच्या घरी शाळेत जाणारी मुलगी आहे. फोन बंद करा, त्यांच्या घरासमोरून गाडी काढा. माफी वगैरे त्याने मागितली नाही आणि मीही आग्रह केला नाही. निघताना तो म्हणाला, "किल्ल्या अजून तिथेच असू द्या." मग दारापर्यंत येऊन म्हणाला, "आणि अंधार पडायच्या आत खिंड ओलांडा."

घरी पोचले तेव्हा नवरा सोफ्यावर होता आणि काका त्याच्या शेजारी बसून काम करत होते. काका गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. कुठे गेले होते ते ऐकून तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. "तो मुलगा काय म्हणाला, परत सांग," म्हणाला. मी सांगितलं. चेंडूकडे बघत होतो. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो रडला, त्या सगळ्या काळात पहिल्यांदा, खांदे हलेपर्यंत. मुलगी जिना उतरून आली आणि त्याच्या पायाशी बसली. त्याच्या पायावर हात ठेवून बसली.

कोचच्या त्या व्हिडिओने सगळं थांबलं असं मला सांगता येणार नाही. लोक त्याच्यावरच उलटले, विकला गेला म्हणाले. पण ट्रक परत आला नाही. फोन कमी झाले. आणि त्याच आठवड्याच्या शनिवारी लांबच्या कुठल्या राज्यात, खूप मोठ्या सामन्यात, दुसऱ्या एका पंचाने शेवटच्या मिनिटाला शिट्टी वाजवली आणि सगळे तिकडे वळले. त्या माणसाचं तोंड मोठं मोठं होत जाणारा व्हिडिओ मला दिसला. मी तो शेवटपर्यंत बघू शकले नाही. त्याच्या घरी कोण कोण असेल, एवढंच डोक्यात येत राहिलं.

हिवाळा औषधांचा आणि डॉक्टरांचा गेला. नवरा झोपायला लागला, ऑफिसात जायला लागला. मुलगी शाळेत जायला लागली, पण मैत्रिणी बदलल्या. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी हायस्कूलच्या पंचांच्या संघटनेतून फोन आला. पंच मिळेनासे झाले होते, जुने सोडून जात होते आणि नवीन येत नव्हते, याची कारणं आम्हाला कुणी सांगायला नको होती. नववीच्या मुलांचा सामना आहे, ये एकदा, असं ते म्हणाले. त्याने दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. मला म्हणाला, "तू येशील?"

मी त्याचा सामना पहिल्यांदाच प्रत्यक्ष मैदानावर जाऊन बघत होते. संध्याकाळचं ऊन होतं, पालक घडीच्या खुर्च्या आणून बसले होते, मुलं अंगापेक्षा मोठे शर्ट घालून पळत होती. तो माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, रेघेवर उभा होता. बराच वेळ सगळं नीट चाललं. मग एक चेंडू अगदी त्याच्या समोर, रेघेजवळ आला. एका मुलाने तो धरला, पाय टेकला आणि तो बाहेर गेला. मी पाय बघितला. इतक्या वर्षांत त्याने मुलीला शिकवलं होतं ते मला त्या दिवशी जमलं. पाय आत होता, अगदी स्पष्ट.

नवऱ्याचे हात खालीच होते. त्याने मान वळवून पालकांच्या खुर्च्यांकडे बघितलं. मग खाली बघितलं. मग झेल झाल्याची खूण केली. कुणाच्या काही लक्षातही आलं नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या, खेळ पुढे सुरू झाला.

सामना संपल्यावर तो पार्किंग लॉटमध्ये गाडीला टेकून उभा होता. टोपी हातात होती.

"बरोबर दिलास की," मी म्हणाले. "पाय आत होता."

"हो. स्वच्छ दिसला."

"मग?"

"दिसल्यावर मी थांबलो," तो म्हणाला. "कुठलं सांगितलं तर नीट घरी जाता येईल, ते ठरवत होतो."

मी म्हणाले की एखाद्या वेळी होतं असं, पहिलाच सामना होता, हळूहळू जाईल. तो ऐकून घेत होता. मग त्या दिवशीचा मुख्य पंच आपल्या गाडीत सामान टाकत होता तिकडे तो गेला. मी लांबून दोघांना बघत होते. त्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बहुतेक समजावत होता, आमच्याकडे माणसं नाहीत रे असं काहीतरी. नवऱ्याने मान हलवली. गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या हातात दिली आणि परत आला.

"तू चालव," मला म्हणाला.

मुलगी आता दुसऱ्या राज्यात कॉलेजला आहे. सामन्याच्या दिवशी तिथे सगळे एकाच रंगाचे शर्ट घालून निघतात, ती तेव्हा लायब्ररीच्या तळघरात जाऊन अभ्यास करते, असं तिने एकदा सहज सांगितलं. आम्ही दोघं शनिवारी दुपारी सामान आणायला जातो. दुकानात कोपऱ्यात टीव्ही लावलेला असतो, त्यावर कुठला ना कुठला सामना चालू असतो. तो ट्रॉली घेऊन त्या बाजूला पाठ करून चालतो. गर्दी ओरडली की जागच्या जागी थांबतो, आवाज उतरेपर्यंत हातातली वस्तू बघत राहतो. मीही थांबते. मग आम्ही पुढे जातो.